कन्सोल घरी आला, किल्ली कंपनीकडेच राहिली

गोव्यात बहुतेक वाड्यांवर एखादा तरी माणूस बोटीवर किंवा आखातात नोकरीला असतो. सुट्टीवर येताना पूर्वी तो टेपरेकॉर्डर आणायचा, मग व्हीसीआर, आणि आता पोरांच्या हट्टापायी गेम कन्सोल. समजा, डिचोलीचा असा एक जण 2025 मध्ये योकोहामाला उतरला. दुकानात नवा कोरा निन्टेन्डो स्विच 2 मांडलेला, किंमत 49,980 येन. अमेरिकेत यापेक्षा बरेच जास्त पडले असते, म्हणून त्याने तो उचलला. घरी पोरांनी चालू करून बघितलं तर पडद्यावर सगळी जपानी. सेटिंगमध्ये जाऊन भाषा बदलावी तर दुसरी भाषाच नाही. स्वतःचं अकाउंट जोडावं तर जपान हा देश नोंदवलेलंच अकाउंट जोडलं जातं.

निन्टेन्डोने हे लपवलेलं नव्हतं. जपानसाठी दोन मॉडेलं काढली होती. दुकानोदुकानी मिळणारं स्वस्त मॉडेल फक्त जपानी भाषेचं, आणि सगळ्या भाषांचं मॉडेल 69,980 येनला, तेही कंपनीच्या स्वतःच्या ऑनलाइन दुकानातून. येन घसरलेला असताना परदेशी लोकांनी जपानमधून स्वस्तात कन्सोल उचलून नेऊ नयेत, असा त्यामागचा उघड हिशेब. इंग्रजी अक्षरं उमटवायला त्या पडद्याला काही जड जात नाही. वीस हजार येन जास्त मोजायचे ते परवानगीचे.

यंत्राला जमतं तेच यंत्र करू देत नाही, याचे असे बरेच प्रकार आजच्या कन्सोलमध्ये सापडतात. ते कसे घडवलेले असतात, कोणासाठी असतात आणि आपल्याकडचा कायदा त्यावर काय म्हणतो, हे इथे सांगतो. डोकं खाणारा तांत्रिक भाग एकच आहे, तो आधी उरकू.

चालू होताना काय घडतं

कन्सोल आतून संगणकच असतो. सोनीचा प्लेस्टेशन 5 (पीएस 5) आणि मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स सिरीज एक्स या दोन्हींत एएमडी कंपनीचा प्रोसेसर आहे. फोंड्याच्या कुठल्याही कॉम्प्युटरवाल्याकडे जुळवून मिळणाऱ्या पीसीत असतो, त्याच घराण्यातला. फरक पडतो तो बटण दाबल्यावर. पीसीला तुम्ही विंडोज द्या, लिनक्स द्या, पेन ड्राइव्हवरचं आणखी काही द्या, तो ते चालवायला निघतो. कन्सोलमध्ये पहिला प्रोग्राम चिपच्या पोटात कोरलेला असतो. कारखान्यातून बाहेर पडल्यावर तो खुद्द कंपनीलाही बदलता येत नाही. त्याचं काम एवढंच, की पुढच्या प्रोग्रामवर कंपनीची डिजिटल सही आहे का ते बघायचं. असेल तर पुढे, नसेल तर तिथेच थांबायचं. तो दुसरा प्रोग्राम तिसऱ्याची सही तपासतो, तिसरा ऑपरेटिंग सिस्टिमची, आणि ऑपरेटिंग सिस्टिम प्रत्येक गेमची. मध्ये कुठेही बिनसहीचं काही शिरलं की साखळी तुटते.

ही सही म्हणजे गणित आहे. तिच्या दोन जोडकिल्ल्या असतात. एकीने सही करता येते, दुसरीने ती फक्त ओळखता येते. ओळखायची किल्ली प्रत्येक कन्सोलमध्ये असते, सही करायची कंपनीच्या तिजोरीत. कन्सोल खोलून, चिप तासून ओळखायची किल्ली तुमच्या हाती आली तरी तिच्यावरून दुसरी काढता येत नाही. म्हणूनच तुम्ही घरी बसून कितीही सुरेख गेम लिहिलात तरी तुमच्या स्वतःच्या कन्सोलवर तो सरळ मार्गाने चालत नाही.

दुसरी किल्ली काढता येत नाही हे खरं, पण कंपनीने गाफीलपणा केला तर येते. पीएस 3 चं तेच झालं. सोनी जी सही करत होती तिच्या पद्धतीत दर सहीला एक नवा, कोणाला अंदाज येणार नाही असा आकडा घ्यावा लागतो. सोनीने प्रत्येक वेळी तोच आकडा वापरला होता. दहावीला एकसामयिक समीकरणं सोडवलेल्या कोणालाही पुढचं कळेल: अज्ञात दोन, एक तो आकडा आणि एक गुप्त किल्ली. दोन सह्या घेतल्या की समीकरणंही दोन होतात. डिसेंबर 2010 मध्ये बर्लिनच्या हॅकर संमेलनात फेलओव्हरफ्लो नावाच्या गटाने हे व्यासपीठावर मांडून दाखवलं आणि सभागृहात हशा पिकला. पुढच्याच महिन्यात जॉर्ज हॉट्झ या तरुणाने किल्ली जगजाहीर केली. सोनीने त्याला कोर्टात खेचलं, एप्रिल 2011 मध्ये तडजोड झाली. किल्ली मात्र परत तिजोरीत जाणं शक्य नव्हतं.

आणखी एक युक्ती सांगण्यासारखी आहे, फ्यूजची. स्विचच्या चिपमध्ये सूक्ष्म फ्यूज आहेत. ठरावीक अपडेट आले की त्यातला एखादा कायमचा जाळला जातो. जुनं सॉफ्टवेअर परत टाकलं तर ते चालू होताना फ्यूज मोजतं, आपल्या अपेक्षेपेक्षा जास्त जळलेले दिसले की चालू व्हायला नकार देतं. अपडेट आवडलं नाही म्हणून मागे फिरायची वाट अशी अक्षरशः जाळून टाकलेली असते.

कुलूप आलं कुठून

लोक म्हणतात ही सगळी बंधनं चोरून कॉपी करणाऱ्यांमुळे आली. अर्धंच खरं आहे.

निन्टेन्डोचा फॅमिकॉम जपानमध्ये 1983 साली आला तेव्हा त्यात कसलंही कुलूप नव्हतं. त्याच साली अमेरिकेत सुमार गेमचा पूर येऊन सगळा बाजार कोसळला. 1985 मध्ये निन्टेन्डोने तोच कन्सोल नव्या रूपात अमेरिकेत नेला तो आत एक चिप घालून. कार्ट्रिजमध्ये तिची जुळी चिप. दोघींची बोलणी जुळली नाहीत की कन्सोल दर सेकंदाला रीसेट होत राहायचा, पडदा नुसता लुकलुकायचा. यामुळे निन्टेन्डोला विचारल्याशिवाय कोणालाच गेम काढता येईना. गेम कंपनीने वर्षाला पाचच गेम काढायचे, कार्ट्रिज निन्टेन्डोकडूनच बनवून घ्यायचं, त्याचे पैसे आगाऊ भरायचे. हे कुलूप कॉपी करणाऱ्या पोरांआधी बसलं होतं प्रकाशकांच्या दारावर.

आपल्याकडे नव्वदच्या दशकात जे 'टीव्ही गेम' घरोघरी आले ते या फॅमिकॉमच्याच नकला होत्या, आणि जपानी मॉडेलच्या नकला असल्यामुळे त्यांत ती चिप नव्हती. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात किंवा जत्रेच्या फेरीत मिळणारं '9999 इन 1' लिहिलेलं पिवळं कार्ट्रिज कोणत्याही यंत्रात घुसवलं तरी चालायचं ते त्यामुळे. (9999 कधीच नसायचे. दहा-वीस गेम फिरून फिरून यायचे, कधी तोच मारिओ उलट्या रंगात.)

पहिल्या प्लेस्टेशनमध्ये, म्हणजे 1994 नंतर, एकाच कुलपावर दोन कामं टाकली गेली. अस्सल सीडीच्या आतल्या कडेला मुद्दाम एक थरथर ठेवलेली असे आणि त्या थरथरीत चार अक्षरं दडवलेली: जपानला एक संच, अमेरिकेला दुसरा, युरोपला तिसरा. घरच्या सीडी रायटरला ती थरथर उमटवता येत नसे, म्हणून कॉपी चालत नसे. आणि अक्षरं वेगळी म्हणून अमेरिकेची अस्सल, पावतीसकट विकत घेतलेली सीडी युरोपच्या यंत्रावर चालत नसे. मग बाजारात आली 'चिप'. ती कन्सोलला सतत हवी ती अक्षरं पुरवत राहायची. परदेशातली अस्सल सीडी चालावी म्हणून चिप बसवणाऱ्यालाही कॉपी चालवता यायची, आणि कॉपीसाठी बसवणाऱ्याला परदेशी सीडी. दोघांचं कुलूप एक, म्हणून तोडायची हत्यारंही एक. पुढच्या सगळ्या भांडणांचं मूळ मला इथे दिसतं. कंपनी म्हणते चोर आहेत, आणि चोर असतातच, पण त्यांच्या नावाने लावलेल्या कडीत दुरुस्तीवाला, हौशी प्रोग्रामर, परदेशातून आलेला गिऱ्हाईक, सगळेच अडकतात.

कंपनीची बाजूही ऐकू. कन्सोलच्या खोक्यावर फारसा नफा नसतो, बऱ्याचदा तोटाच असतो. 2021 मध्ये एपिक ही गेम कंपनी आणि ॲपल यांच्या खटल्यात मायक्रोसॉफ्टच्या अधिकाऱ्याने साक्षीत सांगितलं, की एक्सबॉक्सचं यंत्र कंपनीने कधीच नफ्यात विकलेलं नाही. पैसा मिळतो तो गेममधून. दर विक्रीमागे साधारण 30 टक्के दुकानाचे, आणि दुकान एकच. उद्या कन्सोलवर कुठल्याही दुकानातून गेम टाकता आले तर हा हिशेब मोडतो. शिवाय ऑनलाइन सामन्यात समोरचा भिंतीपलीकडचं बघून गोळ्या घालत असेल तर कोणालाच मजा नाही. फसवाफसवी रोखायला बंद यंत्र बरं पडतं, हे मला पटतं. न पटणारं पुढे आहे.

आधी दिलेलं काढून घेणं

पीएस 3 नोव्हेंबर 2006 मध्ये आला तेव्हा सोनीने स्वतःहून त्यात 'अदर ओएस' ही सोय दिली होती. कन्सोलवर रीतसर लिनक्स टाका आणि संगणक म्हणून वापरा. लोकांनी वापरलाही. अमेरिकी हवाई दलाने सुमारे 1,760 पीएस 3 एकमेकांना जोडून महासंगणक उभा केला, कारण त्या ताकदीची दुसरी यंत्रं याहून कितीतरी महाग होती. पण 1 एप्रिल 2010 ला 3.21 क्रमांकाच्या अपडेटने ही सोय काढून टाकली. कारण दिलं सुरक्षेचं. अपडेट घेतलं नाही तर ऑनलाइन खेळणं बंद, पुढचे नवे गेम बंद. घेतलं तर लिनक्स बंद. तारीख बघून अनेकांना थट्टा वाटली असेल, पण ती थट्टा नव्हती. अमेरिकेत ग्राहकांनी दावा लावला, तो वर्षानुवर्षं रेंगाळला आणि 2018 मध्ये 37.5 लाख डॉलरांवर मिटला. सोय परत आली नाही.

गोव्यातल्या माणसाला हे नातं नवं नाही. मुंडकाराने घर स्वतः बांधलेलं, पण जमीन भाटकाराची. खोली वाढवायची, विहीर खणायची तर भाटकाराला विचारा, आणि त्याची मर्जी फिरली तर बिऱ्हाड उचला. 1975 च्या मुंडकार कायद्याने घराबाहेर काढण्याला आळा घातला, आणि घर व भोवतीची ठरावीक जागा विकत घेण्याचा हक्कही दिला. कन्सोलवाला अजून त्या कायद्याआधीच्या काळात राहतो. खोकं, वायर, चिप त्याच्या मालकीची. आतलं सॉफ्टवेअर परवान्यावर, आणि परवान्याच्या अटी कंपनीला हव्या तेव्हा बदलणार. मे 2025 मध्ये निन्टेन्डोने अमेरिकेतल्या अटींत लिहून टाकलं, की बंधनं मोडणाऱ्याचा कन्सोल पूर्ण किंवा अंशतः कायमचा निकामी करण्याचा अधिकार कंपनीला आहे. ऑनलाइन सेवा बंद करणं समजू शकतं. पैसे मोजून घेतलेलं यंत्र दुरून मारून टाकायचं, ही मजल वेगळी आहे.

नेट नसेल तर

चवथीला सगळे गावच्या घरी जमतात. सत्तरीतलं आतलं गाव असेल तर मोबाइलला रेंज यायची ती कुळागर ओलांडून चढणीवर गेल्यावर. चार दिवस मुलं गप्प बसावीत म्हणून कोणीतरी कन्सोल आणतं, टीव्हीला जोडतं, आणि गेमवर कुलपाचं चिन्ह दिसतं.

बऱ्याचदा कारण साधं असतं. डाउनलोड केलेला गेम नेटशिवाय चालतो तो ज्या कन्सोलवर तुमचं अकाउंट 'मुख्य' म्हणून नोंदवलं असेल त्याच्यावरच. पीएस 4 वर याला प्रायमरी म्हणतात, पीएस 5 वर 'कन्सोल शेअरिंग अँड ऑफलाइन प्ले', एक्सबॉक्सवर होम एक्सबॉक्स. घरून निघण्यापूर्वी सेटिंगमध्ये हे चालू आहे ना बघावं आणि नेट बंद करून गेम एकदा उघडून पाहावा. डिस्क असली म्हणजे निर्धास्त, असंही नाही. स्विच 2 च्या काही गेमच्या कार्ट्रिजमध्ये गेमच नसतो, नुसती किल्ली असते. 'गेम-की कार्ड' असं खोक्यावर लिहिलेलं असतं. गेम नेटवरून उतरवायचा आणि खेळताना कार्ड आत ठेवायचं. कार्ड मित्राला देता येतं, विकता येतं, एवढं तरी आहे.

2013 मध्ये हा प्रश्न फार मोठा पेटला होता. मायक्रोसॉफ्टने मे महिन्यात एक्सबॉक्स वन जाहीर केला तेव्हा अट होती, की कन्सोलने 24 तासांतून एकदा नेटवर हजेरी लावलीच पाहिजे, नाहीतर विकत घेतलेले गेमही बंद. ज्यांना नेट नाही त्यांनी काय करायचं, असं विचारल्यावर एक्सबॉक्सचे तेव्हाचे प्रमुख डॉन मॅट्रिक यांनी सांगितलं, की त्यांच्यासाठी आमच्याकडे एक्सबॉक्स 360 आहे, म्हणजे आधीचं मॉडेल. युद्धनौकांवरचे, पाणबुड्यांवरचे सैनिक चिडले. महिनोन् महिने समुद्रात असणाऱ्याला रोज हजेरी कुठून लावता येणार, हे बोटीवरच्या गोवेकराला वेगळं सांगायला नको. सोनीने त्याच सुमारास गेम मित्राला कसा द्यायचा हे दाखवणारा काही सेकंदांचा व्हिडिओ काढला: एक माणूस दुसऱ्याच्या हातात डिस्क देतो, संपलं. 19 जूनला मायक्रोसॉफ्टने अट मागे घेतली. ग्राहकांनी नुसता ओरडा करून कुलूप काढायला लावल्याचं याहून ठळक उदाहरण मला माहीत नाही.

सोनीनेही फुशारकी मारू नये. पीएस 4 मध्ये घड्याळ चालू ठेवायला सीआर2032 हा बटण सेल असतो, कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळणारा. तो सेल संपला की कन्सोलला वेळ कळत नाही, आणि वेळ खरी आहे याची खात्री सोनीच्या सर्व्हरला विचारूनच करायची अशी रचना होती. म्हणजे सेल मेला आणि सर्व्हर नसला, तर डिस्कवरचा गेमही चालू होत नव्हता. हे सगळं कशासाठी, तर खेळताना मिळणाऱ्या ट्रॉफींवर खोटी वेळ पडू नये म्हणून. गेमप्रेमींनी प्रयोग करून हे उघड केलं, आणि सप्टेंबर 2021 च्या 9.00 अपडेटमध्ये सोनीने गाजावाजा न करता ते सुधारलं.

म्हापशाच्या टेबलावर

गोव्यात कन्सोल मरतो तो पावसाळ्यात. खारी हवा, ओल, विजेचा लपंडाव आणि ऑक्टोबरच्या गडगडाटी संध्याकाळी. म्हापशाच्या एका दुरुस्तीवाल्याकडे मी एक कन्सोल उघडलेला बघितला. डिस्क आत घ्यायची पण वाचायची नाही. त्याने दुसऱ्या मेलेल्या कन्सोलचा चांगला ड्राइव्ह काढला, पण तो तसाच लावला नाही. आधी दोन्ही ड्राइव्ह उलटे केले, खालची चपटी रिबन केबल चिमट्याने सोडवली, जुन्या ड्राइव्हचं हिरवं कार्ड काढून नव्या ड्राइव्हवर बसवलं आणि मग स्क्रू आवळले. डिस्क फिरली, गेम आला.

"कार्ड मूळचंच लागतं बाब," तो म्हणाला. "मोटर गेली, लेन्स गेली, बदलतो. कार्ड जळलं तर माझ्या हातात काही नाही."

कार्ड आणि मदरबोर्ड यांची कारखान्यात जोडी लावलेली असते. कार्डात एक गुप्त आकडा, मदरबोर्डला तो ठाऊक. जोडी फुटली की ड्राइव्ह धडधाकट असूनही गेमची डिस्क वाचली जात नाही. यामागे कारण आहे: एक्सबॉक्स 360 च्या काळात ड्राइव्हचं सॉफ्टवेअर बदलून कॉपी चालवल्या जात. पण त्याची शिक्षा आज वीज पडून कार्ड गेलेल्या माणसाला होते. 2023 पासूनच्या पीएस 5 मॉडेलांत ड्राइव्ह हाताने काढता-घालता येतो, मात्र पहिल्यांदा जोडताना नेटवरून सोनीच्या सर्व्हरची संमती लागते. सर्व्हर आहे तोवर ठीक.

अमेरिकेत तर 1998 च्या कायद्यानुसार असं कुलूप तोडणं मुळात बेकायदा. दर तीन वर्षांनी सवलतींची यादी निघते. 2021 च्या यादीत कन्सोलच्या डिस्क ड्राइव्हची दुरुस्ती आली, तीही दुरुस्तीनंतर कुलूप होतं तसं परत लावायच्या अटीवर.

भारतातला कायदा याबाबत जास्त समंजस आहे, आणि हे आपल्याकडच्या फार थोड्या लोकांना माहीत असतं. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात 2012 साली 65ए हे कलम घातलं. कॉपीराइटचा भंग करण्याच्या *हेतूने* कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. हेतू हा त्यातला कळीचा भाग. कायद्याने स्पष्ट मनाई न केलेल्या कामासाठी कुलूप उघडलं तर हे कलम आड येत नाही. मात्र असं काम दुसऱ्याला करून देणाऱ्याने त्या माणसाचं नाव, पत्ता आणि कामाचं कारण यांची पूर्ण नोंद ठेवायची आहे. दुरुस्तीवाल्यांनी एक वही घालून ठेवायला हरकत नाही. कॉपी गेम भरून देण्यासाठी 'चिप मारून' देणारा मात्र सरळ या कलमात सापडतो. आणि कायदा तुमच्या बाजूने असला तरी कंपनीच्या अटी वेगळ्या. ती तुमचा कन्सोल ऑनलाइन सेवेतून बाद करू शकते. दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्र सरकारने 2022 च्या डिसेंबरात पोर्टल सुरू केलं, तिथे कंपन्या माहिती टाकतात, पण त्याने सुटे भाग द्यायची सक्ती कोणावर येत नाही.

दुकान बंद झाल्यावर

3डीएस आणि वी यू या जुन्या कन्सोलची निन्टेन्डोची ऑनलाइन दुकानं 27 मार्च 2023 ला बंद झाली, एक्सबॉक्स 360 चं 29 जुलै 2024 ला. घेतलेलं पुन्हा उतरवता येतं, नवीन काही घेता येत नाही. जे गेम फक्त तिथेच मिळत ते सरळ मार्गाने आता मिळतच नाहीत. युबीसॉफ्ट या गेम कंपनीने तर 31 मार्च 2024 ला 'द क्रू' या गेमचे सर्व्हर बंद केले आणि एकट्याने खेळायचा भागही त्यासोबत गेला, डिस्क कपाटात असो वा नसो. त्यातून 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम उभी राहिली. युरोपीय संघाकडे केलेल्या तिच्या मागणीवर जुलै 2025 अखेर दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. मागणी माफक आहे: सर्व्हर बंद करा, पण जाताना गेम चालण्याजोगा ठेवून जा. कॅलिफोर्नियात 1 जानेवारी 2025 पासून ऑनलाइन दुकानांना ग्राहकाला आधीच सांगावं लागतं, की तुम्ही परवाना घेत आहात.

दुसऱ्या वाटा

सगळे दरवाजे बंद ठेवूनच धंदा होतो असं नाही. एक्सबॉक्सवर मायक्रोसॉफ्टने 'डेव्हलपर मोड' दिला आहे. नोंदणी करायची, मग स्वतः लिहिलेला प्रोग्राम आपल्या कन्सोलवर चालवता येतो. त्या कप्प्यातून विकतचे गेम मात्र चालत नाहीत. एक्सबॉक्स वन वर्षानुवर्षं अभेद्य राहिला यामागे चिपची रचना आहेच, पण हौशी लोकांना सरळ वाट दिल्यामुळे कुलूप फोडणाऱ्यांच्या टोळीतले सर्वांत हुशार हात कमी झाले, असा तर्क जाणकार करतात आणि मला तो पटतो.

व्हॉल्व्ह कंपनीचा स्टीम डेक हा हातात धरून खेळायचा कन्सोल, 2022 मध्ये आलेला, आणखी पुढे जातो. तो लिनक्सवर चालतो, डेस्कटॉप उघडतो, हवं तर विंडोज टाकून घ्या. सुटे भाग विकत मिळतात. स्टीम या व्हॉल्व्हच्या ऑनलाइन दुकानातल्या गेमना स्वतःची कुलपं असतात ती असतातच, पण यंत्र तुमचं ऐकतं.

आता आपल्याकडचा रोजचा व्यवहार, सेकंडहँड. स्विच निन्टेन्डोने भारतात अधिकृतपणे विकायला आणलाच नाही, त्यामुळे इथे फिरणारे जवळपास सगळे कोणाच्या ना कोणाच्या बॅगेतून आलेले, आणि पुढे दोन-तीन हात बदललेले. निन्टेन्डोचा बॅन अकाउंटवर नाही, कन्सोलवर बसू शकतो. आधीच्या मालकाने केलेल्या उद्योगाची शिक्षा तुमच्या घरी येते, आणि बाहेरून यंत्रावर कसलीच खूण नसते. प्लेस्टेशनच्या अकाउंटचा देश एकदा निवडला की बदलत नाही. अमेरिकेतून आणलेल्या डिस्कला भारतीय अकाउंटवर घेतलेली जादा सामग्री जुळत नाही, हेही आधीच ध्यानात ठेवावं. पीएस 5 असेल तर डिस्क ड्राइव्ह आधी काढलेला किंवा बदललेला आहे का विचारा आणि गेमची डिस्क घालून चालवून बघा. नुसता सिनेमा चालला म्हणून भागत नाही. विकणाऱ्याचं अकाउंट काढून, फॅक्टरी रीसेट करून, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर तुमच्या अकाउंटने लॉगिन करा, ऑनलाइन दुकान उघडतंय का पाहा, आणि मगच पैसे द्या. "ते सगळं घरी जाऊन करा" असं कोणी म्हणालं तर कन्सोल टेबलावर ठेवून उठावं.